आईला वारा लावायचा नाही

बुधवार, ४ मार्च

धाकटीचं खोकं आज आलं. आत पांढऱ्या कागदात गुंडाळलेली नळ्यांची वेटोळी आणि वर तिची चिठ्ठी : ‘ताई, तुझ्या लेकींना मावशीकडून.’ प्लास्टिकच्या कारखान्यात दिवसभर रसायनं ढवळणाऱ्या बाईला एवढं लाडात यायला सुचतं, म्हणजे कमाल आहे. हसू आलं आणि चिठ्ठी शेवाळाच्या खोलीच्या दाराला चिकटवून ठेवली.

नळ्या खरोखर देखण्या आहेत. काचेसारख्या आरपार आणि इतक्या मऊ की बोटाभोवती गुंडाळल्या तर तशाच राहतात. आमच्या जुन्या रबरी नळ्या तडकून गेल्या होत्या, पंपाची निम्मी हवा वाटेतच फुस्स व्हायची. या नळ्यांना वास मात्र येतो. नव्या बाहुलीच्या डोक्याला यायचा ना, तसा. लहानपणी आम्ही दोघी ते डोकं हुंगत झोपायचो.

फोनवर म्हणाली, “यात ते जुनं मऊ करणारं रसायन नाही हं. ते बंद झालं, बाळांच्या दुधात उतरायचं. हे आमचं नवं, पुढे बाळांच्या बाटल्यांनाही हेच. सहा वर्षं घातलीत मी यात.” तिच्या आवाजात एवढा आनंद बऱ्याच दिवसांनी ऐकला. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून आम्ही फोनवर हवापाण्याचंच बोलतो. आज तसं झालं नाही, म्हणून दिवसभर हलकं वाटत होतं.

शुक्रवार, ६ मार्च

आमच्या कालवशेतीचे मालक पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन आले. माझं ठरलेलं भाषण झालं : समुद्रात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, सोनेरी रंगाचं शेवाळ असतं. कालवांची पिल्लं तेच खातात, म्हणून आधी ते वाढवायचं आणि मग पिल्लं. फळीवरच्या या परीक्षानळीत मूळ वाण आहे, ती आई. तिच्यातून थोडंसं काढून मोठ्या चंबूंत वाढवतो, त्या लेकी. लेकींना खालून हवा सोडायची, म्हणजे त्या बुडाशी बसत नाहीत. आईला हवा नाही, नुसता उजेड.

“का बरं?” एका पाहुण्याने विचारलं.

मालक मधेच म्हणाले, “आईला वारा लावायचा नाही, हा इथला कायदा आहे. मोडला तर बाई मलासुद्धा बाहेर काढतील.”

कायदा माझ्या आईचा. मी शाळेत असताना तिने खाडीच्या ओंजळभर पाण्यातून हे वाण वेगळं काढलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं. हवेबरोबर नाही नाही ते आत शिरतं, म्हणून मूळ वाण निश्चल ठेवायचं. पाहुण्यांना एवढं सांगत बसत नाही. ते चंबूंच्या मधाळ उजेडात फोटो काढतात आणि जातात.

संध्याकाळी नवऱ्याला बोलावून सगळ्या चंबूंना नव्या नळ्या बसवून घेतल्या.

मंगळवार, १७ मार्च

लेकी बहरल्या आहेत. एवढा रंग आईच्या काळातही पाहिला नव्हता. दुपारी जेवून खोलीत जाऊन बसले. दिव्यांची ऊब, बुडबुड्यांचा सारखा चाललेला आवाज, सगळे चंबू आतून पेटलेले. डोळा कधी लागला कळलंच नाही. स्वप्नात मीच एका चंबूत होते. वजन नव्हतं, नाव नव्हतं, नुसती वर वर जात होते आणि काचेपलीकडून कोणीतरी कान लावून ऐकत होतं. वर पोचायची घाई अजिबात नव्हती.

जाग आली तर नवरा दारात उभा. “घरीही एक माणूस आहे,” म्हणाला, “त्याच्यावरही कधी उजेड पाडत जा.” तो बंदरात क्रेन चालवतो. दिवसभर उंचावर एकटा बसून असतो, म्हणून खाली उतरला की बोलत सुटतो.

धाकटीला लेकींचा फोटो पाठवला. तिने तो तिच्या साहेबांना दाखवला म्हणे. साहेब खूश.

शनिवार, २८ मार्च

लेकी जरा उतरल्या आहेत. रंग फिका, बुडाशी सायीसारखा थर. मायक्रोस्कोपखाली बघितलं. एरवी या पेशी लांबट असतात आणि शेपूट हलवत इकडून तिकडे पळत असतात. आज बऱ्याच जणी फुगून गोल झाल्या आहेत आणि जागच्या जागी गरगर फिरत आहेत, घराची वाट विसरल्यासारख्या. बघवेना. यावरचा उपाय ठरलेला आहे : हवा वाढवायची. वाढवली.

धाकटीला सांगितलं तर ती प्रश्नच विचारत सुटली. पाणी किती गरम असतं? खारंच ना, समुद्राचं?

“नाही, सरबत घालते,” मी म्हटलं.

ती हसली नाही. नळी पाण्यात कुठपर्यंत बुडते, दिव्यांनी तापते का, गोल झालेल्या पेशी किती, सगळं विचारून घेतलं. एवढी आवड तिला कधी नव्हती. आई शिकवायची तेव्हा ही खिडकीबाहेर बघत बसायची. उशिरा का होईना, माझ्या कामाचं कौतुक वाटायला लागलं असावं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

गुरुवार, २ एप्रिल

सगळ्या लेकी मोरीत ओतल्या. रंग असा उरलाच नव्हता.

आईची जोडीची परीक्षानळी असते, एक दगावली तर दुसरी असावी म्हणून. ती सगळी वापरून नव्या लेकी घातल्या. चंबू उकळले, नळ्याही चांगल्या खळखळून उकळल्या. खोलीभर तो बाहुलीचा वास पसरला. सगळं नवंकोरं, स्वच्छ झाल्यासारखं वाटलं.

धाकटी फोनवर म्हणाली, “ताई, थोडे दिवस हवा बंद ठेवून बघ ना.”

मी फटकन म्हटलं, “तुझं प्लास्टिक तू बघ, माझं शेवाळ मी बघते.” हवा बंद केली की लेकी बुडाशी बसतात, हे आम्हा दोघींना एकाच आईने शिकवलंय. ती हळूच म्हणाली, “चंबूतलं थोडं पाणी पाठवशील? पण काचेच्या बाटलीत.”

काचेच्या बाटलीत म्हणे. नखरे. तरी पाठवलं.

गुरुवार, ९ एप्रिल

नव्या लेकीही गेल्या, पहिल्यांपेक्षा लवकर. मालकांनी कालवांची वीण पुढे ढकलली. पिल्लं जन्माला घालायची आणि खायला काही नाही, असं कसं चालेल. “बाई, सरकारी संग्रहात हवी तेवढी वाणं पडली आहेत,” ते म्हणाले. “एक मागवून टाकू. नाही तर या मोसमात हात हलवत बसावं लागेल.” मला ऐकूच आलं नाही असं मी केलं. मागवतील ते, मागवू देत. दुसऱ्याची आई कितीही चांगली असली तरी आपली होते का?

फळीवर आई एकटीच उरली आहे. तिच्याकडे बघत बसले. तीही दमल्यासारखी वाटली. खरंच होती, की माझ्याच डोळ्यांना तशी दिसली, देव जाणे. दमलेल्या माणसाच्या खोलीत शिरलं की आपण आधी खिडकी उघडतो. तेवढंच मनात आलं. धाकटीच्या नळीतला सगळ्यात बारीक तुकडा कापला, उकळला आणि आईला वारा लावला. अगदी हळू, एका वेळी एक बुडबुडा.

बुडबुडा वर जायचा, फुटायचा आणि पुढचा निघायचा. आई श्वास घेते आहे असं वाटलं. गेल्या वर्षी मी तिच्या उशाशी बसून असाच एकेक श्वास बघितला होता. भिंतीला टेकले आणि तशीच बसून राहिले. खोली मंद डोलत होती. इतकी शांत मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

सोमवार, १३ एप्रिल

आई फिकी पडली.

धाकटीला फोन केला. बोलता येईना, रडूच फुटलं. तिने विचारलं, “ताई, आईला हवा तर लावली नाहीस ना?” मी रडतच राहिले. मग तिने फोन ठेवला.

बुधवार, १५ एप्रिल

धाकटी दारात. न कळवता. मोठी बॅग, दोन खोकी, जाडा कोटसुद्धा. लांब रजा काढली म्हणे. एवढं सामान घेऊन रजेवर कोण येतं, पण ती पहिल्यापासून अशीच, चार दिवसांसाठी अख्खं घर उचलून आणायची.

चहासुद्धा न घेता सरळ खोलीत गेली, आईतून नळी उपसून काढली आणि हातात धरून उभी राहिली.

“यातूनच उतरतंय ताई. माझंच रसायन. तू पाठवलेल्या पाण्यात सापडलं.”

“पण आधी तर बहरल्या होत्या.”

“थोडं उतरतं तेव्हा तसंच होतं. घाबरून भराभरा वाढतात. मग साठत जातं. पाणी ऊबदार, खारं, वर रात्रंदिवस बुडबुडे. आणि तू तर नळ्या उकळून घेतल्यास, त्याने आणखीच उतरलं.”

“तुला कधी कळलं?”

“पेशी गोल झाल्या म्हणालीस तेव्हाच शंका आली.” तिची मान खाली. “तोंडातून निघेना. वाटलं, आधी खात्री करू, मग बोलू. सहा वर्षं गं.”

तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मनात आलं, या बाईला आपल्या रसायनाची खात्री करायची होती आणि तोवर माझी आई मेली तरी चालली असती. हे मी मोठ्याने बोलले. ती म्हणाली, “बोल. आणखी बोल.” पण पुढे काही सुचेना, कारण लेकींचं एक वेळ तिच्या माथी मारता येईल, आईला वारा मात्र मीच लावला होता. शेवटी दोघी जमिनीवर पाय पसरून बसलो. पंप बंद केला होता. ही खोली इतकी निःशब्द मी पहिल्यांदाच ऐकली.

मी विचारलं, “बाळांच्या बाटल्यांनाही हेच लावणार होतात ना?”

“पुढच्या महिन्यापासून. मी साहेबांना लिहून दिलंय, थांबवा म्हणून.”

“मग काय म्हणाले?”

“रजा घे म्हणाले.”

चांगले आहेत साहेब. तिची अवस्था बघितली असेल.

गुरुवार, १६ एप्रिल

आईचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. सगळं पांढुरकं, फुगलेलं, फुटलेलं. बघता बघता कोपऱ्यात एक पेशी पळताना दिसली. मग आणखी एक. मी ओरडलेच.

एकेक पेशी उचलून वेगळी करायची ही आईची रीत. काचेची नळी आचेवर मऊ करून ओढायची, ती केसासारखी बारीक होते. तिच्या टोकात एकच पेशी पकडायची, स्वच्छ पाण्याच्या थेंबात सोडायची, तिथून पुन्हा उचलून दुसऱ्या थेंबात, तिसऱ्या थेंबात, अंगावरचं सगळं धुऊन निघेपर्यंत. मग प्रत्येकीला आपापली परीक्षानळी. मी प्रयत्न केला. एक पेशी काचेला चिकटून गेली, दुसरी मी फुंकरीने उडवली.

“सरक,” धाकटी म्हणाली.

ती बसली. कोपर टेबलावर, श्वास रोखलेला, जीभ दातांत. तिचा हात जराही हलत नव्हता. आईचे हात. इतकी वर्षं मला वाटत होतं की आईचं सगळं मलाच मिळालं. खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीने सगळं बघून ठेवलं होतं. थोडा हेवा वाटला. मग तोही गेला. मी तिच्या मागे उभी राहून थेंब पुरवत होते, ती मान न उचलता हात पुढे करत होती. बाहेर दुपार होती की संध्याकाळ, काही पत्ता नव्हता. त्या गोल उजेडात एक सोनेरी ठिपका पोहत होता आणि आम्ही दोघी त्याच्या मागे मागे.

खोलीतलं प्लास्टिक म्हणून जे होतं, टोपल्या, झाकणं, माझ्या डब्यासकट, सगळं तिने बाहेर काढलं. पाणी काचेत, उकळायचं काचेत, नळ्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे. पेशी घातलेल्या नळ्या फळीवर ओळीने उभ्या. सगळ्या अगदी पाण्यासारख्या स्वच्छ.

सोमवार, २७ एप्रिल

अजून काही नाही. मी दिवसातून शंभरदा उजेडासमोर धरून बघते. धाकटी म्हणते, बघून वाढत नसतात.

तिचा फोन वाजत राहतो, ती उचलत नाही. रजेतही माणसाला सोडत नाहीत. आज तिने कपाटाचा एक खण मागितला. दिला. जेवताना मी म्हटलं, “एवढं सांभाळून घेणारे साहेब आहेत, एकदा फोन तरी कर त्यांना.” ती उठून ताटं घासायला लागली. नवरा नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, “तिला काही विचारू नकोस.” काय विचारू नकोस? मी काय विचारलं? हल्ली या दोघांचं काय चाललंय मला कळत नाही.

स्वप्नात आई फळीवर बसली होती, पाय हलवत, लहान मुलीसारखी.

मंगळवार, ५ मे

एका नळीत रंग आहे.

आधी वाटलं, दिव्याचा भास. पांढरा कागद मागे धरला. आहे. पाण्यात मधाचं बोट बुडवावं तेवढाच, पण आहे. धाकटीला हाक मारली. तिने बघितलं, थेंब काढून मायक्रोस्कोपखाली घातला. लांबट, शेपटीवाल्या, पळणाऱ्या, एकीचीही चाल चुकत नव्हती.

मी चिठ्ठीवर ‘आई’ लिहायला घेतलं. तिने माझा हात धरला.

“नको ताई. ही एका पेशीपासून वाढली, तीही सगळ्या धडपडीतून वाचलेली. ही वेगळी. आई गेली.”

तिचं बरोबर आहे, आमच्या धंद्याचा नियमच आहे तो. बाकी कोणतीच नळी रंगली नाही. जिला आम्ही आई म्हणत होतो ती गेली, आणि मी वारा लावला म्हणून गेली. मी खूप रडले. गेल्या वर्षी, सगळं उरकायच्या गडबडीत, असं रडायचं राहून गेलं होतं. धाकटी पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात मालक आले. रंग बघून त्यांना काय करू न काय नको झालं. आनंदाच्या भरात धाकटीला म्हणाले, “तुमची रजा कधी संपते? राहा ना आणखी.”

“रजा संपली,” ती म्हणाली. “नोकरीबरोबरच संपली. तिथलं घरही सोडलंय.”

मालकांनी मान हलवली, जणू त्यांना अंदाज होताच. नवऱ्याला तर माहीतच होतं, म्हणून तो विचारू नकोस म्हणाला. कोट, खोकी, कपाटाचा खण. मी इतकी कशी ठोंबी? आणि मी साहेबांना चांगलं म्हणत होते.

बाटल्यांचं काय झालं ते विचारलं. थांबवलंय म्हणे, तात्पुरतं. तिने वर आणखी दोन ठिकाणी लिहिलंय. तात्पुरतं हा शब्द तिने दोनदा उच्चारला.

बुधवार, २० मे

कालवांची वीण झाली. त्या एका नळीतल्या नव्या वाणाच्या लेकी फळीवर काचेच्या नळ्यांनी श्वास घेत आहेत, आणि सकाळी पहिल्यांदा पिल्लांच्या टाकीत त्यांचा एक तांब्या ओतला. मग वाट बघितली. मालक येरझाऱ्या घालत होते. त्यांना मी बाहेर काढलं, खरंच काढलं.

पिल्लांचा थेंब मी आधी बघितला. एवढीएवढीशी, काचेसारखी, शिंपलासुद्धा अजून आरपार, त्यामुळे पोटातलं सगळं दिसतं. प्रत्येकाच्या पोटात एकेक सोनेरी ठिपका. खाल्लं होतं. सगळ्यांनी खाल्लं होतं. मी सरकले आणि धाकटीला बसवलं.

ती बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग डोळा न काढताच म्हणाली, “ताई, आई कशी गेली? तू मला नीट सांगितलंच नाहीस.”

खरं आहे. ती दुसऱ्या दिवशी पोचली होती. तिच्याकडे कसलीशी मोठी चाचणी चालू होती, याच रसायनाची. तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं होतं, झोपेत गेली. जे होतं ते माझ्याजवळ ठेवून घेतलं, कारण ते मला फार लागलं होतं.

आज सांगितलं. “शेवटच्या दिवशी तिने मला ओळखलं नाही. सारखी ‘बारके, बारके’ म्हणून हाक मारत होती. तुलाच. मी इतकी वर्षं तिच्याजवळ, आणि हाक तुझी. मी ओ देत राहिले. दुपारी तिने विचारलं, ‘बारके, जेवलीस का?’ मी म्हटलं, ‘जेवले.’ मग तिने डोळे मिटले.”

धाकटी हलली नाही. फक्त टेबलाची कड तिने घट्ट धरली होती.

“जेवले होते गं त्या दिवशी,” ती म्हणाली. “कॅन्टीनमध्ये. दुपारीच. पोटभर.”

मग तिने डोळे पुसले, खुर्ची थोडी सरकवली आणि मला शेजारी बसायला जागा केली.